गणिताचे पुस्तक कानाला कळेल असे द्या

प्रति,
पाठ्यपुस्तक व परीक्षा विभागांचे मा. अधिकारी


आम्ही गुलमंडी परिसरातले दृष्टिहीन विद्यार्थी, त्यांचे पालक आणि त्यांना पुस्तके वाचून दाखवणारे वाचक. इतिहास आणि मराठीची पुस्तके मोबाइल वाचून दाखवतो. गणितापाशी घोडे अडते. दहावीचे वर्गसमीकरणाचे सूत्रच घ्या. पीडीएफमध्ये ते चित्र असेल, तर मोबाइलचा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर नुसते ‘चित्र’ म्हणतो. अक्षरांत असेल, तर ‘उणे बी अधिक उणे वर्गमूळ बी दोन उणे चार ए सी दोन ए’ अशी सलग ओळ कानावर येते. बीचा वर्ग, की बी आणि पुढे दोन? वर्गमूळ कुठे संपले? शेवटचे ‘दोन ए’ छेदातले, हे मुलाने ओळखायचे कसे? मग आई स्वयंपाक आटोपून ओळीवर बोट ठेवून वाचते, आणि तिचे गणित सुटून वीस वर्षे झालेली असतात.

यावरचा उपाय जुना आहे. मॅथएमएल ही गणित लिहिण्याची खुणांची भाषा १९९८ मध्ये प्रमाणित झाली. तिच्यात अपूर्णांकाच्या खुणेत पहिला भाग अंश, दुसरा छेद, हे पक्के असते. १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या एक्सएसएलटी भाषेतली स्टाइलशीट, म्हणजे रूपांतराच्या नियमांची फाइल, ती खूण दिसताच ‘अपूर्णांक सुरू, अंश अमुक, छेद तमुक, अपूर्णांक संपला’ असा मजकूर तयार करते. नियम एकदाच लिहायचा. तो पुस्तकातल्या प्रत्येक अपूर्णांकाला लागतो. पुणे विद्यापीठात गणित शिकलेले दृष्टिहीन संशोधक टी. व्ही. रामन यांनी तर १९९४ मध्येच, कॉर्नेलच्या पीएच.डी.साठी, लाटेक या लेखनप्रणालीतले गणित बोलून दाखवणारी प्रणाली घडवली होती.

म्हणून गणिताच्या प्रत्येक पुस्तकाच्या पीडीएफसोबत मॅथएमएल असलेली ईपब (ई-पुस्तक) फाइल द्यावी. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम १७ नुसार पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांना अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके मोफत देणे हे शासनाचे काम आहे, आणि ऐकून न कळणारे पुस्तक आमच्या लेखी मिळालेले नाही.

मराठी स्टाइलशीट गणिताचे शिक्षक आणि दृष्टिहीन विद्यार्थी यांनी मिळून ठरवावी व सर्वांना खुली ठेवावी. ‘तीन चतुर्थांश’ म्हणावे की ‘तीन छेद चार’, हे इंग्रजीचे भाषांतर करून ठरणार नाही. पाचवीच्या मुलाला प्रत्येक शब्द लागतो. बारावीच्या मुलीला तेच लांबण वाटते. तिला थोडक्यात सांगणारी दुसरी शीट हवी. परीक्षेची प्रश्नपत्रिकाही याच रूपात मिळावी.

सुरुवात एका प्रकरणाने करा. ‘वर्गसमीकरणे’ येत्या जूनपूर्वी असे तयार करून आमच्या मुलांना ऐकवा. चुका आम्ही ओळीनिशी लिहून देऊ.

आपले नम्र,
विद्यार्थी, पालक व वाचक, गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर