चित्रांकडे पाठ

चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनास गेलेल्या मनुष्यास एक चमत्कारिक देखावा हटकून दिसतो: जमलेल्या मंडळींपैकी बहुतेकांची पाठ चित्रांकडे असते! कोण आले, कोणास आमंत्रण नव्हते, याचीच विचारपूस चाललेली. चित्रकाराचे अभिनंदन मात्र सर्वजण करतात, आणि त्याच्या चित्रापुढे स्वतःचे छायाचित्र काढवून घेऊन निघून जातात.

पंढरपुरास १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन हे आपल्याच सोलापूर जिल्ह्याचे. त्यांचे १९५४ सालचे 'ग्रामयात्रा' हे चित्र, ज्यात खेड्यातील जीवनाची तेरा दृश्ये आहेत, कित्येक वर्षे ऑस्लो येथील एका रुग्णालयाच्या ताब्यात होते. तेव्हा त्याची वास्तपुस्त कोणी केली नाही. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यास सुमारे ११८ कोटी रुपये आले मात्र, आणि त्याचे नाव सर्वांच्या तोंडी झाले! चित्रात काय आहे हे विचारा, म्हणजे निम्मे लोक किंमतच सांगतील.

कोणी म्हणेल, प्रतिष्ठेसाठी का होईना, श्रीमंत लोक चित्रे घेतात म्हणूनच चित्रकार जगतो. हे अर्धे खरे आहे, व ते आम्ही नाकारीत नाही. आमचे दुःख निराळे आहे. मुंबईचे जहांगीर कलादालन १९५२ पासून उघडे आहे. तेथे प्रवेशास पैसा पडत नाही. तरीही मैंदर्गीचा शेतकरी कामानिमित्त मुंबईस गेला, तर त्या पायरीपाशी थबकेल. आतील थाट पाहून ही जागा आपली नव्हे, असे त्यास वाटते. वास्तविक पाहणे त्यास शिकवावे लागत नाही. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून १८९४ पासून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी आपल्याकडे घरोघरी भिंतीवर चढल्या, आणि त्यांतील पदराची चुणी न् चुणी ओळखणाऱ्या आजीबाई आम्ही पाहिल्या आहेत. नव्या चित्रांशी त्यांची गाठ कोणी घालून दिली नाही, एवढेच.

म्हणून मैंदर्गीच्या नगरपरिषदेस आमची सूचना आहे की, शाळेची एक खोली दिवाळीच्या सुटीत मोकळी करावी, जिल्ह्यातील चित्रकारांकडून दहावीस चित्रे मागून आणावीत, आणि शाळेच्या चित्रकलाशिक्षकांस तेथे बसवावे. माहितीच्या पाट्या मराठीबरोबर कानडीतही असाव्यात. फीत कापू नये, हारतुरे आणू नयेत, आणि पहिल्या रांगेत खुर्च्या तर मुळीच मांडू नयेत.