छंदालाही एक वार द्या

मराठी घरात वाराला मान असतो. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. ज्या घरात आईचा गुरुवार असतो, तिथे बुधवारी रात्रीच साबुदाणा भिजत पडतो. 'या आठवड्यात राहू दे, पुढच्या आठवड्यात कर उपास' असं तिला कोणी म्हणत नाही. असे वार बायका तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं धरतात. बाळंतपणं, नवऱ्याच्या बदल्या, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, या सगळ्यातून गुरुवार निभावला जातो.

याच बायकांना, लग्नाआधी कशाची आवड होती असं विचारलं की चेहरा क्षणभर उजळतो. कोणी चित्रं काढायची, कोणी पेटी वाजवायची, कोणी बॅडमिंटन खेळायची. मग ते सुटलं कधी? याचं नेमकं उत्तर मात्र कोणालाच देता येत नाही. उपास जन्मभर टिकतो आणि आवड संसाराच्या पहिल्या वर्षातच सुटते, हे कसं?

माळ्यावरची पेटी

पुण्यातल्या एका घराचं उदाहरण घेण्यासारखं आहे. या घरातली बाई माहेरची इंदूरची. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांपैकी 'मध्यमा'पर्यंत तिची मजल गेली होती. लग्नानंतर सामानाबरोबर पेटीही पुण्याला आली. पहिले काही महिने ती दुपारी वाजायची. मग मुलगा झाला, त्याची झोप मोडू नये म्हणून पेटी बंद झाली. पुढे जागा अडते म्हणून ती कपाटावर गेली आणि एका दिवाळीच्या साफसफाईत जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर. 'सवड मिळाली की काढू' असं ठरलं होतं. ती सवड चौतीस वर्षं मिळाली नाही.

याच घरात तिच्या नवऱ्याचा एक नेम मात्र कधी चुकला नाही. दर रविवारी पहाटे मित्रांबरोबर सिंहगड. आतकरवाडीपर्यंत वाहनाने, तिथून पायवाटेने वर. गडावर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही आणि दुपारच्या जेवणाला घरी परत. मित्रमंडळींत या नेमाचं मोठं कौतुक होतं. तो निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या भाषणातही सिंहगडाचा उल्लेख झाला. मात्र दर रविवारी साडेचारला उठून चहा करणारी, डब्यात थालीपीठ भरून देणारी आणि त्या दिवशीचा बाजार, मुलांचा अभ्यास, आलं-गेलं एकटीने सांभाळणारी बाई त्या भाषणात नव्हती.

रविवार त्याचा आहे, हे घराने मान्य केलं होतं, म्हणून त्याचा छंद टिकला. तिच्या पेटीला असा वार कोणी दिला नाही, आणि तिनेही मागितला नाही.

वारावर जेवणारे विद्यार्थी

एकेकाळी पुण्यासारख्या शहरात शिकायला आलेली गरीब मुलं वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. ज्या घराने बुधवार दिला, त्या घरात बुधवारी एक पान जास्त मांडलं जाई. मुलगा येईल की नाही, आज घरात काय शिजलं आहे, असा प्रश्न निघत नसे. वार ठरला की पान ठरलं. 'सवड असेल तेव्हा येत जा' असं त्या यजमानांनी म्हटलं असतं, तर ती मुलं शिकली नसती, उपाशी राहिली असती.

छंदाचंही तसंच आहे. 'रोज तासभर करीन' हा संकल्प गुढीपाडव्याला होतो आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत मोडतो. 'वेळ मिळेल तेव्हा करीन' हा तर संकल्पच नव्हे. आठवड्यातला एक ठरलेला वार आणि त्यातली ठरलेली वेळ, एवढं मात्र भरलेल्या घरालाही देता येतं.

वार स्वतःच्या हातातला असावा

वाराची गोडी काय असते, हे ज्यांनी 'बिनाका गीतमाला' ऐकली त्यांना सांगायला नको. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेला हा कार्यक्रम दर बुधवारी रात्री आठला लागे. अमीन सयानींचा आवाज येण्याआधी जेवणं उरकली जात, शेजारची मुलं दारात येऊन बसत. १९८९ मध्ये हा कार्यक्रम विविध भारतीवर आला, वार बदलला, आणि पुढे नव्वदच्या दशकात तो थांबला. त्याबरोबर कितीतरी घरांचा तो बुधवारही गेला.

जन्मभर पुरावा असा नेम निवडताना हे लक्षात ठेवायला हवं. दुसऱ्याने सुरू केलेली गोष्ट दुसरा बंद करू शकतो. ऐकण्या-पाहण्याला जोडून स्वतःच्या हातांना, पायांना किंवा गळ्याला काही काम असेल, तर तो नेम बाहेरच्या कोणाला बंद करता येत नाही. ज्यांना यातलं काहीच जमत नाही, त्यांच्यासाठी ग्रंथालयं आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबईचं १८९८ पासून चालू आहे. ठरल्या वारी पुस्तक बदलून आणणं हादेखील एक नेमच आहे, आणि त्याला वयाची अट नाही.

सोबत असेल तर नेम अधिक टिकतो. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांना घेऊन एका बागेत हास्य क्लब सुरू केला. पुढे असे क्लब गावोगावी निघाले. तिथे रोज येणाऱ्या कितीतरी आजोबांना विचारलं तर ते सांगतात, हसण्यासाठी कमी आणि 'काल का आला नाहीत?' असं कोणीतरी विचारतं म्हणून जास्त येतो. भजनी मंडळांचं रहस्यही हेच आहे.

सिंहगडावरून पर्वतीवर

आता पुन्हा त्या पुण्याच्या घराकडे वळू या. पासष्टीनंतर नवऱ्याचे गुडघे बोलू लागले. डॉक्टरांनी गड चढायला मनाई केली. दोन रविवार तो खिडकीपाशी बसून राहिला. वर्तमानपत्र दोनदा वाचलं, भाजीवरून कुरकुर केली, सुनेने पंखा लावला तर गार वाटतं म्हणाला आणि बंद केला तर उकडतं म्हणाला.

तिसऱ्या रविवारी त्याच्याच वयाचा एक जुना सोबती दारात आला. म्हणाला, "सिंहगड नाही तर नाही. पर्वती तर आहे?" पर्वतीच्या १०३ पायऱ्या दोघांनी तीनदा टेकत चढल्या. हल्ली त्याही जड जातात तेव्हा सारसबागेत दोन फेऱ्या होतात. पण रविवार रविवारच राहिला आहे. जन्मभर टिकणाऱ्या छंदाला वयाबरोबर लहान होता आलं पाहिजे. जो 'पूर्वीसारखं जमत नाही, मग कशाला करायचं' म्हणून बसतो, त्याचा छंद तिथेच संपतो.

त्या रिकाम्या दोन रविवारांनी घरात आणखी एक गोष्ट घडवली. एका रात्री तो बायकोला म्हणाला, "दोन आठवडे गेलो नाही तर मला घर खायला उठलं. तुझी पेटी किती वर्षं झाली गं माळ्यावर?"

ती म्हणाली, "आता या वयात काय करायचंय पेटीला?"

पण सुनेने ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलाने पेटी खाली काढली. भाता फाटला होता, चार सूर बोलत नव्हते, पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या. दुरुस्ती करणाऱ्याने नवीच घ्या असा सल्ला दिला, तो कोणी मानला नाही. तीन आठवड्यांनी पेटी वाजती होऊन घरी आली.

वार कोणता, यावर मात्र खल झाला. शेवटी सूनच म्हणाली, "आई, तुमचा गुरुवार तर आहेच. संध्याकाळी दत्ताच्या देवळात जायच्या आधीचा एक तास पेटीचा."

घरच्यांचा वाटा

तो तास सांभाळणं सोपं गेलं नाही. पहिल्याच गुरुवारी पाहुणे आले. दुसऱ्या गुरुवारी नातवाला ताप होता. तिसऱ्या गुरुवारी ती पेटी उघडून बसली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठली. तेव्हा नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "बस तू. गॅस बंद करणं मलाही येतं."

बहुतेक घरांत नेमकी हीच अडचण असते. छंद धरणाऱ्याच्या मनात इच्छा असते, पण त्या एका तासातलं काम कोणी उचलायचं हे ठरलेलं नसतं. वार ठरवताना तेही मोकळेपणाने ठरवावं. पाहुण्यांना सांगावं, फोन दुसऱ्याने घ्यावा, चहा ज्याला हवा त्याने करावा. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्यात दुप्पट करायला जाऊ नये, सरळ पुढचा वार धरावा. आणि घरातल्यांनी 'आता काहीतरी वाजवून दाखव' असा आग्रह धरू नये.

त्या घरात आता गुरुवारी पाच वाजता नातू सतरंजी अंथरतो. बोटं अजून अडखळतात, मध्यमाच्या परीक्षेतले राग पुरते आठवत नाहीत, म्हणून ती पहिल्या अलंकारापासून सुरुवात करते. आतल्या खोलीत आजोबा ओट्यापाशी चहा करत असतात. साखर कुठे आहे, हे त्यांना अजून विचारावं लागतं. पण सहा वाजेपर्यंत ते विचारत नाहीत.