घोडा बदलावा, खलिता सांभाळावा

धागा : विंडोज १०चा आधार संपला. जुन्या लॅपटॉपवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम घ्यावी का? इतिहासाच्या एका विद्यार्थ्याचे मत.

१/
आज गड नाही, ताम्रपट नाही, तह नाही. आजचा विषय आपल्या टेबलावरचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला आणि तेव्हापासून अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला : "लॅपटॉप जुना आहे, लिनक्स टाकू का?" एका ओळीत उत्तर देता येईना, म्हणून हा धागा.

२/
आधी वस्तुस्थिती. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली. तिच्या जागी आलेली विंडोज ११ (ऑक्टोबर २०२१) टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था मागते, आणि साधारण २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या अधिकृत यादीत नाहीत. जुन्या प्रणालीसाठी एका वर्षाच्या सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय जाहीर झाली. पण ती मुदतवाढ आहे, उत्तर नव्हे.

३/
माझा लॅपटॉप २०१६चा, उल्हासनगरातून वापरलेला घेतलेला. नवा घेणे शोधनिबंधाच्या वर्षात खिशाला परवडणारे नाही. आहे तसेच चालू ठेवावे, तर दुरुस्त्या बंद झालेला संगणक इंटरनेटला जोडणे म्हणजे रात्री गडाची दिंडी उघडी ठेवून झोपणे. उरली तिसरी वाट : लिनक्स.

४/
माझे मत आधीच सांगतो. होय, ज्यांचा लॅपटॉप जुना आहे अशा बहुतेकांनी लिनक्स जरूर वापरावे. परंतु हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा : तुमचा आजवरचा मराठी मजकूर नव्या प्रणालीत वाचता येईल का? इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न आधी का विचारावा, हे मला खरवईतल्या एका सीडीने शिकवले.

५/
आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत. कारखाने आणि इमारती येण्यापूर्वीची खरवई, भाताची खाचरे, उल्हास नदीचे पाणी आणि २६ जुलै २००५चा पूर, असे सारे त्यांनी लिहून काढले होते. २००६च्या सुमारास एका डीटीपी केंद्रात त्याचे टंकलेखन झाले. गुरुजी गेले. छापील प्रतीची अर्धी पाने ओलीने चिकटली. राहिली ती सीडी.

६/
त्यांच्या मुलीने सीडी माझ्या हाती दिली आणि म्हणाली, "तू इतिहासवाला ना, बघ काही निघतंय का." फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्केवारीची चिन्हे आणि स्वल्पविराम यांची खिचडी. एकही मराठी शब्द नाही. फाईल बिघडलेली नव्हती. तिची किल्ली हरवली होती.

७/
असे का होते? त्या काळातील बहुतेक डीटीपी फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे संगणकाच्या लेखी मराठी नसेच. इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसवलेले असे. तो विशिष्ट फॉन्ट असेल तर 'क' दिसे. नसेल तर मूळ इंग्रजी चिन्ह उघडे पडे. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागत नसे.

८/
मानके नव्हती असे मुळीच नाही. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवरच बेतलेली होती. तरीही पुढे दीर्घकाळ आपली लग्नपत्रिका, स्मरणिका आणि आत्मचरित्रे चित्रांच्या फॉन्टमध्येच टंकली गेली.

९/
विंडोज २०००ने युनिकोड देवनागरी थेट प्रणालीत आणली. तिच्यासोबत आलेला 'मंगल' हा फॉन्ट मराठी सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा. म्हणजे गुरुजींचे पुस्तक टंकले जात होते, तेव्हा योग्य मार्ग उपलब्ध होता. पण पेजमेकर, छपाई आणि टंकलेखकाच्या बोटांची सवय हे सारे जुन्या वाटेवर होते. सोय जिंकली, मजकूर हरला.

१०/
हे वाचताना कुणाला मोडी आठवली असेल, तर योग्यच. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे देवनागरीत छापले गेले. त्यांचा १८१०चा मराठी कोश मात्र मोडी खिळ्यांत. पुढे १८३२चे 'दर्पण', शालेय पुस्तके आणि ग्रंथ यांनी बाळबोध लिपी घरोघरी नेली. हिशेब आणि दफ्तरे मात्र दीर्घकाळ मोडीतच राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतूनही गेली.

११/
बाळबोध स्वीकारणे ही चूक होती का? मला तसे वाटत नाही. छापील अक्षराने वाचन मूठभरांच्या हातून बाहेर काढले. चूक होती ती जुने दफ्तर सोबत न आणण्याची. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात संपादित केले. एवढे प्रचंड काम, तरी ते 'निवडक'च. उरलेले रुमाल आजही मोडी वाचणाऱ्याची वाट पाहत आहेत.

१२/
पण एक फरक नीट पाहा. मोडीच्या बाबतीत अक्षरे शिल्लक आहेत, वाचणारे विरळ झाले. लिपी शिका, अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद बोलू लागतो. सीडीच्या बाबतीत उलट आहे : देवनागरी वाचणारे कोट्यवधी आहेत, पण अक्षरेच उरली नाहीत. म्हणून १७५०चे पत्र वाचणाऱ्या मला २००५च्या पुराची नोंद वाचता येईना. हे मला लाजिरवाणे वाटले.

१३/
शेवटी एका जुन्या संगणकावर तो फॉन्ट सापडला आणि परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आला. पण आंधळेपणाने नाही. गुरुजींनी लिहिले होते की पाणी 'दऱ्यांतून' उतरले. परिवर्तनानंतर ते 'दर्यांतून' उतरले! दऱ्या कुठे आणि दर्या कुठे. लग्नाच्या प्रसंगातले 'आचाऱ्यांना' तर थेट 'आचार्यांना' झाले. मोडीचे लिप्यंतर तपासतो, तसे प्रत्येक पान छापील प्रतीच्या वाचता येणाऱ्या भागाशी ताडून पाहावे लागले.

१४/
आता लिनक्सकडे येऊ. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने सुरू केलेला हा प्रकल्प आपल्याला परका नाही. तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्या मुळाशी लिनक्सच आहे. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षे मुले लिनक्सवर शिकत आहेत. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने 'माया' ही उबुंटूवर आधारित प्रणाली स्वीकारल्याचे वृत्त आले.

१५/
मग सी-डॅकची 'बॉस' का आठवत नाही? भारतीय भाषांची सोय घेऊन ती २००७ मध्ये आली. तरी घरोघरी पोहोचली नाही. दुकानात संगणकासोबत विंडोज येई. पेजमेकर आणि टॅली यांच्या लिनक्स आवृत्त्या नव्हत्या. आणि अडले तर विचारायला शेजारी कुणी नव्हते. प्रणाली गुणांवर जेवढी टिकते, तेवढीच आजूबाजूच्या माणसांवरही टिकते.

१६/
माझा अनुभव. लिनक्स मिंट आधी पेनड्राईव्हवरून चालवून पाहिली. असे करताना मूळ प्रणालीला धक्का लागत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक आतच मिळाला. ऱ्य, ऱ्ह नीट उमटले. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, त्यामुळे जुन्या प्रणालींवर तिथे रिकामी चौकट दिसे. इथे ते स्वच्छ दिसले. नऊ वर्षांचा लॅपटॉप पुन्हा कामाला लागला.

१७/
अडचणीही सांगतो, नाहीतर ही जाहिरात ठरेल. एका संशोधनपत्रिकेने दिलेला वर्डचा नमुना लिब्रेऑफिसमध्ये विस्कटला. शेवटी मित्राच्या संगणकावर सुधारला. ज्यांची रोजीरोटी डीटीपीवर, टॅलीवर किंवा केवळ विंडोजवर चालणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरवर आहे, त्यांनी माझ्या उत्साहाला भुलू नये. त्यांना विंडोज ११ हेच प्रामाणिक उत्तर आहे.

१८/
पण कोणतीही वाट धरा, त्याआधी चार गोष्टी करा :
• घरातील जुन्या मराठी फाईली शोधा आणि उघडून पाहा.
• ज्या फॉन्टमध्ये त्या टंकल्या, तो फॉन्ट फाईलशेजारी जपून ठेवा.
• मजकूर युनिकोडमध्ये आणा, पण मूळ फाईल पुसू नका. मूळ साधन नष्ट करणारा संपादक आपण इतिहासात माफ करत नाही.
• एक छापील प्रत काढा. कागद अजूनही सर्वांत कमी अटी घालतो.

१९/
यावर एक आक्षेप येईल : "ही कामे संस्थांची आहेत." काही अंशी खरे आहे. पण १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करणारे वि. का. राजवाडे कागदांसाठी गावोगाव हिंडले, कारण कागद लोकांच्या माळ्यावर होते. आपल्या पिढीचे माळे म्हणजे सीडी, पेनड्राईव्ह आणि बंद पडलेले डेस्कटॉप. तिथवर कोणतीही संस्था पोहोचण्यापूर्वी आपणच पोहोचू.

२०/
बदलापूर या नावाविषयी आमच्याकडे एक आवडती लोकसमजूत आहे : येथे प्रवासी घोडे बदलत, म्हणून बदलापूर. पुरावा म्हणून ती मांडणार नाही. पण तिच्यातला व्यवहार मला पटतो. दमलेला घोडा बदलण्यात कमीपणा नाही. मात्र खोगिराला बांधलेला खलिता जुन्याच घोड्यावर राहिला, तर नवा घोडा कितीही वेगाने धावो, पोहोचून सांगणार काय?

२१/
गुरुजींची पुराची नोंद आता त्यांच्या नातवंडांच्या फोनवर वाचता येते. तुमच्या घरी अशी न उघडणारी फाईल असेल, तर खाली लिहा. फॉन्टचे नाव ठाऊक असेल तर तेही सांगा; कदाचित इथल्याच कुणाकडे त्याची किल्ली असेल. माझ्या मताशी मतभेद असतील तर तेही अवश्य मांडा. धागा संपला.