ताम्हणाची पानगळ

इंग्रजी ‘ऑटम’चे मराठीत सर्रास ‘शरद’ असे भाषांतर केले जाते आणि तिथेच दिशाभूल होते. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये मेपल लालबुंद होतो तो ऑक्टोबरात. त्या वेळी आपला सह्याद्री अजून हिरवा असतो. आपली पानगळ शिशिरातली. मेपलच्या चित्रांची कॅलेंडरे हौसेने भिंतीवर लावणाऱ्यांना दारचा हा सोहळा मात्र दिसत नाही.

तो पाहायचा तर दारी ताम्हण लावावा. त्याचे फूल महाराष्ट्राचे राज्यपुष्प. उन्हाळ्यातले जांभळे तुरे सर्वांना ठाऊक असतात. पण थंडी सरता सरता त्याची पाने पूजेतल्या ताम्हणासारखी तांबूस होतात, तिकडे थोड्यांचेच लक्ष जाते.

ही लाली म्हणजे मरणकळा नव्हे. पान टाकण्यापूर्वी झाड त्यातले हरितद्रव्य मोडते आणि नत्रासारखा मोलाचा ऐवज फांदीत परत घेते. मग देठाशी पेशींचा पातळ थर तयार होऊन पान अलगद सुटते. ठेव काढून घ्यावी आणि मगच खाते बंद करावे, तसा हा चोख व्यवहार.

लागवड अवघड नाही. पहिला पाऊस मुरला की भिंतीपासून १०-१२ फुटांवर रोप लावावे. मुळात हे ओढ्याकाठचे झाड, त्याला ओल आवडते. घाटावर पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावे लागते. जागा भरपूर उन्हाची हवी. सावलीत धड फुले नाहीत, धड रंग नाही.

एवढे असूनही गृहनिर्माण संस्थांच्या सभांत ‘हे झाड कचरा करते’ अशी तक्रार होते आणि कुऱ्हाडीची भाषा सुरू होते. शहरांत विनापरवानगी झाड तोडण्यास १९७५च्या कायद्याने मनाई आहे, हे तेव्हा कुणाला आठवत नाही. पर्याय म्हणून सदाहरित झाडे सुचवली जातात. पण तीही पाने टाकतातच, वर्षभर थोडी थोडी. ताम्हण एकदाच टाकतो. ती पाने जाळू नयेत. कोपऱ्यातल्या खड्ड्यात ओलसर ठेवली की त्यांचे उत्तम खत होते.

केर काढण्याचे चार दिवस वाचावेत म्हणून आपण मुलांचा एक ऋतूच काढून घेतो आहोत. ज्यांनी झाड कधी उघडे पडलेले पाहिलेच नाही, त्यांना चैत्रपालवीचे अप्रूप कसे वाटावे?