कॅनडाच्या संसद-सदस्यांस अनावृत पत्र

सन्माननीय सदस्यहो,

भारतातून येऊन आपल्या देशात स्थायिक झालेल्या एका मराठी माणसाने हे पत्र लिहावे, यात कुणाला आगंतुकपणाचा दोष दिसल्यास तो मला मान्य आहे. परंतु ज्या जमाखर्चात माझाही करभार जमा होतो, त्याची विचारपूस करण्याचा अधिकार आगंतुकालाही असतो.

२०२१ च्या शिरगणतीनुसार चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत मूलनिवासी मुले शेकडा ७.७ आहेत, आणि सरकारी व्यवस्थेने परक्या घरी सांभाळायला दिलेल्या मुलांत तीच शेकडा ५३.८ भरतात. याचे खापर मातापित्यांवर फोडणे सोयीचे खरे. पण ‘हेळसांड’ या शेऱ्याखाली दप्तरी जे नोंदले जाते, त्यात मोडके घर, दाटीवाटी आणि दारिद्र्य यांचाच भरणा फार.

आपल्या मानवाधिकार न्यायाधिकरणाने जानेवारी २०१६ च्या निकालात जे उघड केले, ते कोणत्याही मुरब्बी कारकुनाला तत्काळ उमजेल. राखीव प्रदेशातील मूल घरातून काढून नेले, तर त्याच्या पालनपोषणाचा प्रत्यक्ष खर्च ओटावाच्या तिजोरीतून भरून मिळे. तेच मूल आईबापांजवळ राहावे म्हणून साहाय्य करायचे, तर रक्कम ठरीव आणि तुटपुंजी. शिवाय शंभरांतली सहा मुले घराबाहेर असणारच, असे अनुदानाच्या सूत्राने आधीच गृहीत धरलेले! कुणाच्याही मनात वंशद्वेषाचा लवलेश नसता, तरी अशा खतावणीतून दुसरे काय निष्पन्न झाले असते?

नॉर्वे हाऊस क्री नेशनच्या जॉर्डन रिव्हर अँडरसनला उपचार मिळावेत म्हणून, कसलीही हेळसांड झालेली नसताना, आईबापांना त्याला बालकल्याण खात्याच्या स्वाधीन करावे लागले. दोन वर्षांच्या जॉर्डनला विनिपेगच्या रुग्णालयातून घरगुती वातावरणात हलवण्यास वैद्यांनी संमती दिली, तेव्हा त्या शुश्रूषेचा खर्च संघराज्याने सोसायचा की मॅनिटोबा प्रांताने, हा तंटा उपस्थित झाला, न्हाणीघरातल्या फवाऱ्याच्या तोटीपर्यंत जाऊन पोहोचला, आणि तो मिटण्यापूर्वीच २००५ साली, वयाच्या पाचव्या वर्षी, ते बालक रुग्णालयातच वारले. सेवा आधी द्यावी, खर्चाचा वाद मागाहून मिटवावा, हे त्याच्या नावाचे तत्त्व आपल्या सभागृहाने डिसेंबर २००७ मध्ये एकमताने स्वीकारले. त्याच्या बजावणीसाठी न्यायाधिकरणाला मात्र नंतरही हुकमामागून हुकूम काढावे लागले.

२०२३ मध्ये नुकसानभरपाईपोटी तेवीस अब्ज डॉलरांच्या तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली. एवढ्या द्रव्यात किती घरे वेळीच सावरली असती, याचा हिशेब कुणी मांडल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

केवळ दारिद्र्यापायी मूल हिरावून घेऊ नये, असे आपला २०१९ चा कायदा सांगतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली तो वैधही ठरवला. परंतु स्थिर आणि गरजेनुरूप निधीची गोष्ट त्याच्या उद्देशिकेतच राहिली. कलमांत तिची हमी नाही, आणि उद्देशिका दाखवून खजिन्यातून पैसा निघत नाही, हे आपणांस मी सांगावे असे नव्हे. न्यायाधिकरणाच्या दट्ट्याने आज जे मिळते, ते उद्या कायद्याने मिळावे, याकरिता निधीचा मजकूर कलमात घालणारी दुरुस्ती आपण येत्या अधिवेशनात मांडावी, अशी माझी विनंती आहे.

आपला नम्र,
एक करदाता