शिर सलामत...

'शिर सलामत तो पगडी पचास' ही म्हण आपण मुलांना शाळेत शिकवितो आणि शाळा सुटताच त्याच मुलांना उघड्या डोक्याने दुचाकीवर बसवून घरी आणतो. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांतील ५०,०२९ दुचाकीस्वारांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. जे मेले त्यांची निदान मोजदाद तरी झाली. परंतु जे वाचले आणि पूर्वीचे राहिले नाहीत, त्यांची गणती कोण करतो?

मेंदूला इजा अनेक कारणांनी होते. जन्मतःच श्वास कोंडणे, मेंदूज्वर, रक्तदाबाने फुटलेली वाहिनी ही त्यांतील काही होत. त्या सर्वांचा विचार येथे करावयाचा नाही. ज्या कारणावर इलाज आपल्याच हाती आहे, त्याविषयीच आम्ही लिहीत आहोत. शरीराच्या वजनाच्या अवघा पन्नासावा हिस्सा असलेला हा अवयव शरीरातील प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा घेतो. चार-पाच मिनिटे तो मिळाला नाही, तर त्याच्या पेशी मरू लागतात. हाड मोडले तर सांधते, मेंदूची मेलेली पेशी परत येत नाही.

आणि आघात एकदाच होतो असेही नाही. पहिला रस्त्यावर होतो. दुसरा पुढील काही तासांत, कवटीच्या आत साचणाऱ्या रक्ताने व सुजेने होतो. नांदेडहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील चुडावा हे परभणी जिल्ह्यातील गाव घ्या. समजा, तेथील एखादा तरुण तिन्हीसांजेला दुचाकीवरून घसरला. क्षणभर बेशुद्ध झाला, मग उठला, बोलला, चहाही प्याला. 'काही झाले नाही' म्हणून मंडळींनी त्याला घरी निजविले. मध्यरात्री उलट्या सुरू होतात, एका डोळ्याची बाहुली विस्फारते, आणि हाक मारली तरी तो ओ देत नाही. मधला तो शुद्धीचा काळ फसवा असतो, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गावाला मात्र कोणी सांगितलेले नाही. कवटीतील रक्त काढणारा शल्यचिकित्सक शहरात असतो आणि घड्याळ चुडाव्यात चालू असते. म्हणूनच शिरस्त्राणाची गरज शहरापेक्षा खेड्याला अधिक आहे.

पण खेड्याला उपदेश कोणत्या तोंडाने करावा? जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात पोलिसांनी सक्ती आरंभिली, तेव्हा विरोधाला उभे राहिले ते विद्येच्या माहेरघरातील शिकलेसवरलेले नागरिकच. गावात वेग कमी असतो, हा त्यांचा लाडका युक्तिवाद. वेगाचे राहू द्या. दीड मीटर उंचीवरून नुसते खाली पडले तरी डोके ताशी सुमारे वीस किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आदळते! शिरस्त्राणाने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो, असा अनेक देशांतील पाहण्यांचा निष्कर्ष आहे. अर्थात पट्टा बांधला असेल तरच. आरशाला टांगलेले शिरस्त्राण आरशाचेच रक्षण करते.

जे घरी परततात त्यांच्या घरात काय घडते, ते शेजाऱ्यांना दिसत नाही. हात-पाय धड असतात, म्हणून लोक 'बरा झाला' म्हणतात. पण शांत माणूस चिडखोर होतो, हिशेब जमत नाही, सकाळचे संध्याकाळी आठवत नाही, नोकरी सुटते. पत्नीला वाटते, आपण एका अनोळखी माणसाशी संसार करीत आहोत. हा दुखण्याचाच भाग आहे, स्वभाव नव्हे, एवढे समजावून सांगणारेही तिला क्वचित भेटते.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे. जखमीस मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४ अ हे कलम आले. डोक्यास मार लागलेल्याला पाणी पाजू नये, मान हलवू नये, कांदा हुंगविण्यात वेळ दवडू नये, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिण्यास खर्च येत नाही. आणि शासनास आमची सूचना अशी की, पहिली सक्ती शेतकऱ्यावर नको. जिल्हा कचेऱ्या, महाविद्यालये व शाळा यांच्या आवारात उघड्या डोक्याचा दुचाकीस्वार, मग तो साहेब असो वा प्राध्यापक, येत्या सोमवारपासून आत सोडू नये.