देवांना चुकू द्या!

पुराणकथेवर कादंबरी खुशाल लिहा, पण थोरांच्या चुका दाखवू नका, असा उपदेश मला खाप्यात वरचेवर ऐकावा लागतो. तो मला मुळीच मान्य नाही. या चुका आम्ही कादंबरीकारांनी का शोधून काढल्या? अर्धसत्य बोलताच धर्मराजाचा चार अंगुळे अधांतरी चालणारा रथ भुईला टेकला, हे महाभारतच सांगते. शस्त्र न धरण्याचा शब्द देणारा कृष्ण भीष्मावर धावून गेला, हेही तेच. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या थोरांना माणसे म्हणून तपासले; १९६८ साली त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. आणि आपण? कर्णाचे वकीलपत्र घेतो, पण द्रौपदीचे वस्त्र फेडण्याची आज्ञा त्याचीच, हे सोयीस्कर विसरतो! शेजारच्या रामटेकच्या स्थलकथेत शंबूकही आहे. त्याचे नाव गाळल्याने रामभक्ती वाढते काय?

निर्दोष देवाची पूजा होते, गोष्ट होत नाही. शिवाय थोरांना प्रश्न विचारायचाच नाही, हे एकदा पोरांच्या अंगवळणी पडले, की उद्या ती कोणत्याही बलिष्ठापुढे मान तुकवतील. मोठेपणाने चूक लहान होत नाही, हे त्यांना घरातच कळू द्या.